अंदाजे एकसष्ट घोडे

आमश्या पावराच्या पिकअपच्या मागच्या फळक्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं ‘९७ घोडे’ असं लिहिलेलं होतं. त्यातला एकेक घोडा आपणच वाढवल्यासारखा तो मिरवायचा. गाडी सात वर्षांची, डिझेल, कंपनीनं त्रेसष्ट हॉर्सपॉवरची, म्हणजे त्रेसष्ट घोड्यांची म्हणून विकलेली. आमश्यानं इंजिनाची ताकद वाढवणारा ट्यूनिंगचा एक डबा ऑनलाइन मागवला, स्टिअरिंगखाली जोडला, मोबाइलवर त्याचं अॅप उघडून विचारलेली माहिती भरली आणि सातपुड्यातून रावेरकडे येताना एकदा गाडी पुऱ्या वेगानं दाबली. पडद्यावर आकडा आला सत्त्याण्णव. दुसऱ्याच दिवशी त्यानं पेंटर गाठला.

इथवर ठीक होतं, फुशारकीनं कुणाचा टायर फुटत नाही. पण त्याची चुलती सुगंधाबाई हिनं पाड्यातल्या बायांचा गट बांधून पिठाची गिरणी मिळवली होती. दळणासाठी डोक्यावर पाटी घेऊन घाट उतरायचा आणि तीच पाटी घेऊन पुन्हा चढायचा, हे तिनं तीस वर्षं केलं होतं. गिरणी, तिचं इंजिन, दहा गोण्या सिमेंट आणि उतरवून घ्यायला आठ माणसं, एवढं सगळं रविवारी वर न्यायचं होतं. ‘एका खेपेत नेतो,’ आमश्यानं भर पाड्यात सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शनिवारी सकाळी ब्रेक बघून घ्यायला तो सविता तायडेंच्या गॅरेजात आला, आणि तिथं त्याचे घोडे अडले.

सविताअक्का दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली. वडील यादव नाना वीजकेंद्रात गेज तपासायचे. काटा खरं बोलतो की नाही, एवढंच त्यांनी आयुष्यभर बघितलं. घरच्या थर्मामीटरलासुद्धा ते दोऱ्यानं चिठ्ठी बांधत: कधी तपासला, किती चुकतो. ‘एक दिवस मलाही बांधतील,’ असं त्यांची बायको लीलाबाई म्हणायची. मुलीनं आयटीआय केलं, धुळ्याला देवपुरातल्या एका गॅरेजात अकरा वर्षं काढली. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, मिस्तरी कुठंय? ती म्हणायची, हात पुसतेय. मग तिनं रावेरात स्वतःचं शटर उघडलं, तेही केळीच्या ट्रकांच्या वजनकाट्याला लागून. लोकांना वाटलं, बाईनं गिऱ्हाइकी हेरली. कारण निराळं होतं, ते आमश्याला त्या दिवशी कळलं.

अक्कानं फळका वाचला. हसली नाही. हसली असती तर आमश्याला सोपं गेलं असतं.

“अॅपनं गाडीचं वजन विचारलं असेल. काय भरलं?”

“पासिंग हाये तेच. सत्तावीसशे पन्नास.”

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. रावेरात गाडीचं वजन विचारलं की माणूस पासिंग सांगतो, म्हणजे माल भरून गाडीचं जास्तीत जास्त जेवढं वजन चालतं ते. केळीच्या धंद्यात रिकाम्या गाडीशी कुणाला काय देणंघेणं?

“आणि दाबली तेव्हा मागं काय होतं?”

“काहीच नोहतं. रिकामीच.”

अक्का उठली आणि त्याच्यासकट गाडी शेजारच्या काट्यावर उभी करवली. काटेवाल्या रुपचंदनं आकडा सांगितला: सतराशे ऐंशी.

“हा डबा गाडीनं वेग किती लवकर घेतला तेवढं बघतो,” ती म्हणाली. “मग तू सांगितलेलं वजन तसं पळवायला किती ताकद लागेल, याचा हिशोब मांडतो. तू त्याला जवळजवळ हजार किलो जास्तीचे सांगितले. ते ओढायला त्यानं बिचाऱ्यानं घोडे जोडले. वर तू उतारानं येत होतास. उतारानं ढकललं, नाव इंजिनाचं झालं.”

“आन टॉर्क? तोबी लय दाखवून राह्यला.”

“घाटात कामाला येते ती ओढ, तोच टॉर्क. पण याच्या हिशोबात टॉर्क निघतो त्याच घोड्यांमधून. मूळ चुकलं की तोही चुकला.”

तिनं आपलं मापायचं यंत्र काढलं. त्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी लटकत होती: ‘शंभराला सात जास्त सांगतं. तपासलं, मार्च.’ त्यासाठी ती ते यंत्र आणि एक गाडी घेऊन मोठ्या शहरात गेली होती, जिथं चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात. स्वतःचं यंत्र किती खोटं बोलतं हे विचारायला एवढ्या लांब जाणारं माणूस आमश्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

मग सपाट रस्त्यावर फेऱ्या झाल्या. काचा बंद, गाडीत दर फेरीला तो आणि अक्का, काट्यावर पुन्हा केलेलं वजन. डबा लावून चार आणि काढून चार, निम्म्या जाताना, निम्म्या येताना. एका फेरीत त्र्याहत्तर आले. आमश्या म्हणाला, हाच धरा. अक्कानं तो लिहिला, आणि बाकीचे तीनही लिहिले. आवडता आकडा निवडायचा नाही, ही नानांची शिकवण. सरासरी काढून, यंत्राचं खोटं वजा करून उरले एकसष्ट. डब्याविना सत्तावन्न.

“चार घोडे डब्यानं दिले असतील. पण शपथ घेऊ नको. तीन इकडे, तीन तिकडे धर.”

छत्तीस घोडे वजनकाट्यावर गेले. आमश्याचा चेहरा उतरला. “बठ्ठ्या पाड्याले सांगेल हाये, अक्का. एका खेपेत म्हनून.”

“रिकामी गाडी घाटातल्या माकडवळणावर कोणत्या गिअरला चढते?”

आमश्यानं फळक्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “दुसऱ्या. रडत.”

“मग तुला माझ्या यंत्रापेक्षा जास्त माहीत आहे,” अक्का म्हणाली. “दोन खेपा कर. आधी गिरणी आणि इंजिन, सिमेंट नंतर. माणसं चालतील, आणि सगळ्यांच्या हातात चाकामागं लावायला दगड.”

पाड्यापुढं शब्द गिळणं घाट चढण्यापेक्षा अवघड. पण रविवारी सकाळी आमश्यानं तो गिळला. सुगंधाबाई चांगला धरता येईल असा दगड शोधायला लागली. तेवढ्यात घाटाच्या पायथ्याशी स्कूटर थांबली. सविताअक्का उतरली आणि तिनंही एक दगड उचलला.

माकडवळणावर गाडी पहिल्या गिअरला आली. इंजिन कण्हलं, क्लचचा जळका वास सुटला, आणि गाडी थांबली. थांबली आणि हातभर मागं सरली. डाव्या चाकामागं सुगंधाबाईनं दगड सारला, उजव्या चाकामागं अक्कानं. गाडी टेकली. आमश्यानं हँडब्रेक ओढून आरशात पाहिलं. चाकांमागं दोन बाया, त्यांच्यामागं दरी. एका खेपेच्या हट्टानं मागं आठ माणसं आणि दहा गोण्या असत्या, हे त्याला दिसलं. दुसऱ्या दमाला गाडी चढली.

वर गिरणी उतरवून झाल्यावर त्यानं विचारलं, “अक्का, ही खेप चढंल असा तुमचाच हिशोब होता. मंग दगड घेऊन काहून आल्या?”

“हिशोबात तीन घोडे इकडेतिकडे होते ना,” ती हात झटकत म्हणाली. “ते कुणीतरी हातात धरायला पाहिजेत.”

आठवड्यानं आमश्या गॅरेजात आला तो गाडी उलटी लावूनच. फळका नवा रंगवला होता: ‘अंदाजे ६१ घोडे’. अंदाजे हा शब्द त्यानं पेंटरकडून सगळ्यात मोठ्या अक्षरात काढून घेतला होता. सविताअक्का फळक्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरून आले, ते तिनं ग्रीसच्या हातानं पुसले. मग फोटो काढून दीपनगरला नानांना पाठवला.

पाच मिनिटांत नानांचं उत्तर आलं. ते वाचून तिनं आमश्याच्या हातात ब्रश दिला.

नानांनी लिहिलं होतं: ‘पोरगं हुशार आहे. तारीख राहिली.’