एका गाडीसाठी म्हशीएवढा कंप्रेसर

मंडळी, आज दुपारी इंदिरा नगरातल्या आमच्या घरावर हल्ला झाला. हल्लेखोर घरचाच. आमचे हे.

हे रेल्वेत इंजिनिअर. दोन माणसांच्या भातालाही 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' लावून चौघांचा शिजवायला लावतात. एका गाडीच्या चाकांत हवा भरायला बादलीएवढी टाकी पुरते, असं दुकानदारही सांगत होता. यांनी आणला ट्रकवाल्यांकडे असतो तसला कंप्रेसर, म्हशीएवढा. आणि त्याला जोडला आमच्या जुन्या, छोट्या पंपाचा पाइप. "चांगला आहे गं, टाकवत नाही."

दाब चढला आणि पाइप निसटला. चवताळलेल्या नागासारखा गॅरेजभर आपटत सुटला. गाडीची काच फोडली, ट्यूबलाइट फोडली, मग यांच्या तोंडावर असा फटका हाणला की भिंतीवर रक्त उडालं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. शेजारचे मिश्राजी कुंपणावरून ओरडले, "भाभीजी, गोली चली क्या?" इकडे हिंदी मुलखातच वाढलेली लेक किंचाळली, "मम्मी, पापा की आँख!"

डोळा वाचला, भुवई फाटली. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेलाच होता, असं डॉक्टर म्हणाले.

टाके पडत असताना मी म्हटलं, "आता तरी तो राक्षस परत करा."

उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत हे म्हणाले, "मशीन बरोबर आहे. पाइप जाड घेऊ."

इंजिनिअरशी संसार करणाऱ्यांनो, लवकर सांगा. मशीन परत घ्यायला दुकानदार तयार आहे. माणूस कोण परत घेतं?