कँटीनजवळचं वळण

रस्त्याचा कोणताही नकाशा समोर आला, की मॅडम त्यावर दोन बोटं पायांसारखी चालवत. फाटकापासून निघत, ग्रंथालयापाशी थांबत आणि विचारत, "आता माणसानं इथून कुठं जायचं?" माझ्या नकाशात फुटपाथ तिथंच संपलेला असे.

बडोद्यातल्या एका कॉलेजच्या बांधकाम विभागात त्या इंजिनियर होत्या, मी नकाशे काढणारी. सगळा कँपस त्यांना 'बेन' म्हणे. जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून त्या रस्त्याकडेला उभ्या राहत. मोपेडी, मोटारी आणि त्यांच्यामधून अंग चोरत जाणारी मुलं. तुम्हीही असा रस्ता पाहिला असेल. पायी चालणारा तिथं जणू माफी मागतच चालतो.

तो रस्ता नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा मॅडमनी महिनोन्‌महिने खपून आराखडा केला. मोटारींसाठी अरुंद वाट, सलग फुटपाथ आणि झाडांच्या बाजूनं सायकलींची वेगळी पट्टी. मीटिंगमध्ये मोठे साहेब हसले. "बेन, आजकाल सायकल कोण चलावे छे?"

"माळी चालवतात, साहेब. शिपाई चालवतात. ते मीटिंगला नसतात."

आराखडा मंजूर झाला. फक्त कँटीनजवळच्या वळणावर सायकलपट्टी तोडून मोटारींचं पार्किंग घालायचं ठरलं. "एटलुं तो चालशे," एवढं तर चालेल, असं साहेब म्हणाले. मॅडमनी पेन उघडलं. नाही म्हटलं तर सगळा रस्ताच बारगळेल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी सही केली. पट्टी नकाशावरून मी पुसली.

रस्ता होऊन तीन महिने झाले नसतील. त्या वळणावर पट्टी संपली म्हणून मोटारींमध्ये उतरलेल्या एका वयस्क माळ्याला गाडीनं उडवलं. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला.

आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मॅडम म्हणाल्या, "काका, त्या कागदावर सही माझी आहे."

"तमारो वांक नथी, बेन." तुमचा दोष नाही, असं म्हणत काकांनीच त्यांचा हात थोपटला. ते मॅडमना सोसलं नाही. परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "रागावले असते तर बरं झालं असतं गं."

पार्किंग काढा, अशी पत्रं त्या निवृत्तीपर्यंत लिहीत राहिल्या. एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटच्या दिवशी शाल-नारळ घेऊन त्या निघाल्या. मी खिडकीशी उभी होते. वळणावर माळीकाका काठी टेकत येत होते. मॅडम मोटारींच्या बाजूनं त्यांच्या शेजारी झाल्या आणि त्यांच्या चालीनं चालू लागल्या. मागे हॉर्न सुरू झाले. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

पट्टी मीच पुसली होती; मी खाली जायला हवं होतं. मी खिडकी लावून घेतली.