ठेकेदारकाकांचा डावा हात

ग्वाल्हेरच्या जून महिन्यात पंखा बंद करून बसणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे ठेकेदारकाका. वीज असायची, पंखा फिरायचाही. पण फिरताना त्याची कटकट सारख्या अंतराने येत नसे. दोन ठोके जवळजवळ, तिसरा लांब. "हा लंगडा आहे, मला नाही सोसत," असं म्हणून काका बटण दाबत आणि घामाने निथळत बसून राहत. काकू वर्तमानपत्राने वारा घेत म्हणायच्या, "बघ सुधा, ह्या माणसाबरोबर संसार केला मी."

काका कसलेही ठेकेदार नव्हते. बिर्ला नगरच्या गिरणीत ते मागावर होते, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑर्केस्ट्रात बोंगो-काँगो वाजवत. ठेका धरणारा तो ठेकेदार, असं कुणीतरी गमतीने म्हटलं आणि ते नाव चिकटलं. हिंदी माणसांना त्यातली गंमत कळत नसे. गावातल्या लष्कर भागात एका गृहस्थांनी त्यांना घरासमोरची फुटकी नाली दाखवून विचारलं होतं, "ठेकेदार साहब, यह कब बनेगी?" काकांनी वाकून नाली नीट पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं, "अगली बारिश से पहले."

गिरणी बंद पडली तेव्हा इतरांना पुढची काळजी लागली. काकांना शांततेचा त्रास झाला. शेकडो माग एका दमात चालायचे, त्या आवाजात त्यांचे हात तयार झाले होते. "मला उस्ताद नव्हता, मला माग होता," असं ते सांगत. पुढे त्यांनी एका दुकानात कापड मोजलं, शाळेत घंटा दिली, पण रविवारची तालीम चुकवली नाही.

मी अठराव्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले. घाबरून गाणं असं पळवलं, की साथीदारांची दमछाक झाली. खाली उतरल्यावर मला रडू फुटलं. काका जवळ येऊन म्हणाले, "पळू नकोस ग. गाणं कुठे जात नाही. माझा डावा हात ऐकायचा, बाकी कुणाचं नाही." काँगोचा तो खोल, घुमणारा आवाज मी तेव्हापासून धरला. पुढे गावातच इंदरगंजला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं मोठी झाली, आवाजही जाड झाला. पण वर्षातून पाचसहा कार्यक्रम आम्ही करत राहिलो. गाताना मला शब्द आठवले नाहीत तरी भीती वाटत नसे. डावीकडून तो ठोका आला की पाय जमिनीला लागत.

दोनेक वर्षांपूर्वी तालमीत भांडणं सुरू झाली. काका मधेच हात थांबवत आणि कीबोर्डवाल्या शर्माजींकडे बघत. "शर्माजी, आप भाग रहे हैं." शर्माजी शांत माणूस. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा कीबोर्डला कव्हर घातलं आणि म्हणाले, "दादा, बत्तीस साल में पहली बार भाग रहा हूँ क्या?" ते गेले ते परत आले नाहीत. मग काकांनी ढोलकवाल्याला धरलं. मग एका रविवारी मला.

"सुधा, तू पळतेस."

मी पळत नव्हते. उलट कितीतरी दिवस मी त्यांच्यासाठी जरा मागे रेंगाळून गात होते. डावा ठोका उशिरा येतोय हे मला ऐकू येत होतं. पण काकांचा हात चुकतोय, यापेक्षा आपला कान बिघडलाय हे मानणं मला सोपं गेलं. त्याच सुमारास काकू एकदा सहज बोलून गेल्या, "हल्ली चहाचा कप उजव्याच हातात घेतात. आणि शर्टाची बटणं लावायला कितीतरी वेळ." मी म्हटलं, "वय झालं, काकू." आतल्या खोलीत काका एकटेच बोटं आपटत बसले होते. एक, दोन, थांबणं. एक, दोन, थांबणं. तो आवाज मला आवडला नाही.

बाड्याच्या चौकाजवळ एका जुन्या इमारतीत सिनेमाच्या गाण्यांचं म्युझियम निघालं, ते याच दिवसांत. आमच्या गावाला ख्यालाचा केवढा अभिमान, त्यामुळे बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. काकांनीही. "काचेच्या कपाटातली मुकी वाद्यं बघायला कशाला जायचं? फालतूची जागा." मी सांगितलं, तिथे कपाटं नाहीत, प्रत्येक गोष्ट वाजवून बघता येते. "हात लावू देतात?" त्यांनी विचारलं. "बिलकुल लावू देतात." "मग चल." भांडणांपायी तालमी बंद पडल्यापासून ते घरात कोंडून बसले होते, जरा मन रमेल, एवढाच माझा हेतू होता.

पहिला तासभर तर मला वाटलं, आणलं ते फार बरं केलं. एका टेबलावर जुन्या ढंगाची गाणी सुटी सुटी करून ठेवली होती. एक दांडी खाली ओढली की व्हायोलिनं गप्प, दुसरी ओढली की बासरी गप्प. काकांनी कानाला हेडफोन लावले आणि एकेकाला गप्प करत गेले. शेवटी गाणारी बाईसुद्धा गेली. मग त्यांनी दुसरा हेडफोन माझ्या कानावर ठेवला. आत नुसता बोंगो वाजत होता. "बघ," ते म्हणाले, "सगळे गेले तरी गाणं उभं आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. गाण्याच्या मागे बसलेल्या माणसाला कुणी असा मान दिलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

पुढची खोली ठेक्यांची होती. काळ्या रबराच्या दोन गोल चकत्या, एक उजव्या हातासाठी, एक डाव्या. समोर पडद्यावर उभ्या रेघा सरकत. आपला ठोका रेघेवर पडला पाहिजे. उजव्या हाताचा ठिपका निळा, डाव्याचा केशरी. काकांनी बाह्या सारल्या आणि सुरुवात केली. निळे ठिपके रेघेवर नेमके बसले. केशरी मागे पडले. प्रत्येक वेळी, न चुकता मागे.

तिथे उभी असलेली मुलगी अदबीने म्हणाली, "अंकल, लेफ्ट हँड थोड़ा लेट आ रहा है. फिर से ट्राई कीजिए ना."

काकांनी पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा. केशरी ठिपके आणखी लांब गेले. "मशीन ख़राब है," ते म्हणाले. मुलीने स्वतः वाजवून दाखवलं. दोन्ही रंग रेघेवर. काका माझ्याकडे वळले. "सुधा, तू वाजव."

"मला कुठे येतं, काका?"

"वाजव म्हणतो ना."

मुद्दाम चुकवावं असं माझ्या मनात आलं. पण ते पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते, आणि मुद्दाम चुकवलेला ठोका त्यांना तेव्हाच ओळखू आला असता. मी वाजवलं. माझ्या अडाणी हातांचे ठिपकेसुद्धा रेघेवर पडले.

काका बराच वेळ पडद्यापुढे उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "शर्मा पळत नव्हता."

ऑटोत बसल्यावर त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला, झाकला नाही. तो थरथरत होता, अंगठा बोटावर घासत, आपल्याच कुठल्यातरी लयीत. बिर्ला नगरला घरी जायच्याऐवजी त्यांनी ऑटो शर्माजींच्या गल्लीत घ्यायला लावला. दारात उभ्याउभ्याच ते म्हणाले, "शर्माजी, आप नहीं भाग रहे थे. मैं पीछे रह गया था." शर्माजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे, आणि त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. हात त्यांच्या मुठीतही थांबला नाही.

"तुझ्या काकूला सांगू नकोस," काका वाटेत म्हणाले. मी त्याच संध्याकाळी सांगितलं. आठवड्याभरात डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. आणखी आधी आणायला हवं होतं, असंही म्हणाले. त्या वाक्यावर काकू माझ्याकडे बघतील म्हणून मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले.

मला वाटलं होतं, आता काका त्या जागेचं नाव काढणार नाहीत. पण महिन्याभराने त्यांचाच फोन आला. "चल, किती मागे पडलो ते बघून येऊ." तेव्हापासून आम्ही दर दीडदोन महिन्यांनी गेलो. इतर कुठल्याच दालनात ते थांबत नसत. सरळ ठेक्यांच्या खोलीत जात, वाजवत, पडदा बघत, आणि मी नको म्हटलं तरी बोटाने अंतर दाखवत: "हे बघ, मागच्या वेळी इथे होता." मग केशरी ठिपके दोन रेघांच्या मधोमध पडू लागले. मग निळेही सरकले. जिना चढताना मी त्यांचा दंड धरायला लागले. प्रत्येक वेळी मी काहीतरी काम काढून निघायला उशीर करी, आणि ते मात्र इस्त्रीचा शर्ट घालून तयार असत. बटणं काकूंनी लावलेली.

ते म्युझियम बघण्यासारखं आहे का, असं ऑफिसातल्या मुली मला विचारतात. मी जाऊन या म्हणते. मुलांना मजा येते, दोन तास छान जातात. माझ्यापुरतं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तिथे गेलो नसतो तर काका आणखी काही महिने सगळ्यांशी भांडत, पण ठेकेदार म्हणून जगले असते. तिथे गेलो म्हणून शर्माजी शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी बसले.

गेल्या थंडीत घरातच पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि काका गेले. त्याच्या तीनेक आठवडे आधी आम्ही शेवटचे तिथे गेलो होतो. काठी टेकत, चार ठिकाणी थांबत ते ठेक्यांच्या खोलीपर्यंत आले. ती मुलगी दारातच उभी होती. तिने आम्हाला लांबून येताना पाहिलं असावं. दाराचा पडदा ओढलेला होता.

"अंकल, आज यह बंद है. मशीन ख़राब हो गई है," ती म्हणाली.

पडद्याच्या फटीतून निळा उजेड हलत होता. आत कुणीतरी वाजवत होतं. काकांना ते दिसलं आणि ऐकूही आलं. त्यांची मान क्षणभर तिकडे वळली. मग त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांवर तो हात थडथड उडत राहिला आणि ती डोळे मिटून, हात काढला जाईपर्यंत, तशीच उभी राहिली.

बाहेर पायऱ्यांवर बसून त्यांनी दम घेतला. "चांगली मुलगी आहे," ते म्हणाले. "आता मला इथे नको आणूस."