मागची सीट

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकमेकांच्या घोरण्याच्या तऱ्हासुद्धा आम्हाला पाठ आहेत — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलातच, तर एक हौशी, टापटिपीचा स्कूटरवाला म्हणून ओळखत असाल. तिथूनच सुरू करतो. तिथून सोपं जाईल.

त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. माझा नंबर सत्तरचं दशक संपता संपता लागला. नाशिकला सरकारी कचेरीत मी कारकून होतो, गंगापूर रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि स्कूटर आली तेव्हा मी तिचं काय करू अन् काय नको असं झालं होतं. हँडलखाली भाजीच्या पिशवीसाठी हूक लावला. पाय ठेवायच्या जागेत गॅसचं सिलिंडर नीट बसावं म्हणून रबराचा तुकडा टाकला. आणि पुढे काही महिन्यांनी सातपूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांचा कॅरिअर करून घेतला. चांगला रुंद. त्याला चारी बाजूंनी उभ्या सळ्या. दळणाचा डबा, रेशनची साखर, रॉकेलचा कॅन, सगळं एका खेपेत घरी. कचेरीतले लोक म्हणायचे, हे बघा चालतं-फिरतं किराणा दुकान! एकदोघांनी तर माप घेऊन तसाच कॅरिअर करवूनही घेतला.

हा कॅरिअर बसला होता मागच्या सीटच्या जागी. सीट काढून. कुणी विचारलंच, अहो, मागची सीट कुठाय, तर माझं उत्तर ठरलेलं — कामाची स्कूटर आहे, मिरवायची नाही. लोक माना डोलवायचे. सुमन, म्हणजे माझी बायको, तेवढी कुरकुरायची. नवऱ्याच्या दारात स्कूटर आणि ती उभी सिटी बसच्या रांगेत! पण दळण घरपोच येत होतं म्हणून तीही गप्प बसली.

चांगलं उत्तर होतं ना? त्यात खरं काहीच नव्हतं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. अण्णा दुसऱ्यांच्या शेतात राबायचे आणि उरलेल्या वेळात विड्या वळायचे. आई मी शाळेत असतानाच गेली. विड्यांचे पुडे पोचवायला ते कुणाची तरी सायकल मागून आणत आणि मला मागे कॅरिअरवर बसवत. गावाच्या मधोमध चावडी. आमच्या वस्तीतल्या माणसानं चावडीपुढून सायकलवर बसून जायचं नाही, अशी गावाची जुनी रीत. कायद्यानं ती केव्हाच गेली होती, पण पायांतून गेली नव्हती. चावडी जवळ आली की अण्णा खाली उतरायचे, मला कॅरिअरवरून उचलून खाली ठेवायचे, आणि आम्ही दोघं सायकल हातात धरून चालत पुढे जायचो. मारुतीच्या देवळापलीकडे गेलं की पुन्हा बसायचो. मला वाटायचं, सगळेच असं करतात.

आम्ही बौद्ध. हे वाक्य गंगापूर रोडला मी कधी उच्चारलं नाही. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं. घरमालकांनी ते ऐकलं, गाव विचारलं, "शेती असेल मग" असं आपणच म्हणाले — आणि मी हसलो. बस, एवढंच केलं, हसलो. खोटं बोललो का? त्या वेळी तरी मी मनाची समजूत घातली, की गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. त्याआधी कितीतरी घरं आडनाव, गाव आणि मग "कळवतो" इथंच संपली होती. सुमनला हे ठाऊक होतं. भिंतीवरची तसबीर तिनं आतल्या खोलीत लावली, तीही काही न बोलता.

स्कूटर आली त्याच्या पुढच्याच रविवारी अण्णा आले. मी स्टँडवर घ्यायला गेलो. धुतलेलं धोतर, जुना काळा कोट, कोटाच्या खिशाला निळा बिल्ला, हातात मेथी-वांग्यांची पिशवी. स्कूटरला त्यांनी आधी सगळीकडून हात लावून पाहिला, मग मागच्या सीटवर बसले आणि माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. त्या हातांची पकड मला अजून आठवते. रस्ताभर बोलत होते, म्हणजे ओरडतच होते, कारण इंजिनच्या आवाजात आपलं बोलणं ऐकू जात नाही असं त्यांना वाटत होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचं खोदकाम चाललं होतं. खोदणाऱ्यांतला एक म्हातारा त्यांच्या ओळखीचा निघाला. अण्णांनी हात उंच केला आणि गल्ली दुमदुमेल असा खणखणीत "जय भीम!" घातला.

घरमालक व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

अण्णांना आत बसवून मी पिशवी घ्यायला बाहेर आलो, तर घरमालकांनी विचारलं, "कोण आलंय हो?"

इथं मला थांबावंसं वाटतंय. इतकी वर्षं मी इथंच थांबत आलोय. त्या माणसानं साधा प्रश्न विचारला होता, दरडावून नव्हे. "माझे वडील" — दोन शब्दांचं उत्तर. मग काय झालं असतं? खोल्या सोडायला लागल्या असत्या? कदाचित. कदाचित काहीच झालं नसतं. मला माहीत नाही, कारण मी पाहिलंच नाही काय होतं ते. मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. आमच्या शेतावर असतात."

आमच्या शेतावर! ज्यांना स्वतःची वीतभर जमीन नव्हती, त्यांना मी आमच्या शेतावर गडी म्हणून लावलं. आणि आत जाऊन त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला.

त्यानंतर दर रविवारी स्टँडकडे जाताना मी तेच घोकायचो. ते माझ्या मागे बसणार, खांदे धरणार, ओरडणार. शेतावरचा गडी मालकाच्या खांद्यावर असा हात ठेवतो का? माझं खोटं स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून गल्लीतून मिरवत येत होतं. मग सीटच नसली तर?

म्हणून कॅरिअर. दळणासाठी नाही, सिलिंडरसाठी नाही. माझ्या बापाला बसायला जागा राहू नये म्हणून. बोल्ट काढले, सीट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि वर सुमनला म्हणालो, बघ, तुझी किती सोय केली.

पुढच्या रविवारी अण्णा स्टँडवर स्कूटरपाशी आले आणि बसायला म्हणून त्यांनी पाय उचलला. मग तो खाली ठेवला. कॅरिअरवरून हात फिरवला. मला वाटलं, विचारतील. ते म्हणाले, "लय झ्याक केलंस. सूनबाईला पिठाचा डबा उचलाया नको." पिशवी कॅरिअरवर ठेवली. मी सुतळीनं बांधायला लागलो तर म्हणाले, दोरी सरकते, पुढल्या खेपेला ट्यूबची पट्टी आणतो. आणि त्यांची पिशवी घेऊन मी स्कूटरवरून पुढे निघालो, आणि ते मागून चालत आले. वांगी स्कूटरवर. अण्णा पायी. तुम्हीच सांगा, ते दृश्य मी आरशात पाहिलं असेल की नसेल? पाहिलं. वळण येईपर्यंत पाहिलं.

पुढच्या खेपेला त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून आणली होती. दोन्ही टोकांना तारेचे आकडे.

त्यांना फार दिवसांपासून एक गोष्ट हवी होती. एकच. स्कूटरचा नंबर लागायच्याही आधीपासून ते म्हणायचे, "फटफटी आली की येकदा गावात घेऊन ये. मला मागं बसीव, आन् चावडीम्होरून जाऊ." मी एकदा म्हटलं होतं, अण्णा, आता कोण अडवतंय, सायकलवरून जा की बसून. त्यावर ते हसले. "आडवत नाय कुनी. पर सायकलीवर पाय आपसूक खाली येतो रं. सवय. तुज्या मागं बसलो म्हंजी माजा पाय खाली याचं कारणच नाय."

कॅरिअर बसवल्यावर हा विषय त्यांनी दोनदा काढला. पहिल्यांदा मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू. दुसऱ्यांदा म्हणालो, सीट काढलीय ना अण्णा, परत बसवायची म्हणजे फार खटपट आहे. खटपट! पान्यानं बोल्ट सैल करायला आणि घट्ट करायला काय लागतं? चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

आणि मग तो रविवार. मी पुढे येऊन पिशवी सोडत होतो, मागून अण्णा घामाघूम होऊन फाटकाशी पोचले. घरमालक झाडांना पाणी घालत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अण्णांना पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि मोकळेपणानं म्हणाले, "तुम्ही यांच्या शेतावर असता ना? वांगी फार गोड असतात हो तुमची."

अण्णांनी तांब्या तोंडापासून खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. लहानपणी चावडीजवळ मला खाली उतरवताना पाहायचे, तसं पाहिलं — उतर बाळा, थोडंच चालायचंय. आणि मग घरमालकांना म्हणाले, "व्हय साहेब. ह्यांच्याच शेतावर असतो."

मी काय केलं? पट्टीचा आकडा सोडवत राहिलो. तो केव्हाच सुटलेला होता.

त्यानंतर ते गल्लीत आले नाहीत. स्टँडवरच पिशवी द्यायचे, सुमनची चौकशी करायचे, आणि परतीची गाडी धरायचे. घरी चला असं मी म्हणायचो, पण कसं? त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच म्हणायचो. "तिथं माजं काय काम," म्हणायचे, "जा, भाजी सुकंल." गावात फटफटी आणायचं पुन्हा बोलले नाहीत. सुमन विचारायची, अण्णा घरी का येत नाहीत? मी सांगायचो, वय झालं, दगदग नको म्हणतात.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता — तीही त्यांची सवयच. जलदान विधी झाला. सुमन बसनं नाशिकला परतली, आणि घर आवरून अण्णांची पत्र्याची पेटी घेऊन मी स्कूटरवरून निघालो. पेटीत काळा कोट, बिल्ला, विड्यांची कात्री. ती मी कॅरिअरवर ठेवली आणि त्यांनीच दिलेल्या ट्यूबच्या पट्टीनं आवळली. अगदी घट्ट बसली. त्यांच्या वस्तूंना त्या स्कूटरवर नेहमीच जागा होती.

निघालो तेव्हा मनाशी ठरवलं होतं. आता तरी. ते स्वतः नाहीत, निदान त्यांचा कोट माझ्या मागे बसून चावडीपुढून जाईल. जोरात जाईन. हॉर्न वाजवत जाईन.

चावडीच्या ओट्यावर चार म्हातारे ऊन टाळून बसले होते. त्यातला एक तर डोळे मिटून होता. कुणी मला हटकलं नाही. कुणी नीट पाहिलंही नाही. कोण अडवणार होतं ऐंशीनंतर एका सरकारी कारकुनाला?

माझा पाय खाली आला. आपसूक.

इंजिन बंद करून मी उतरलो, आणि अण्णांची पेटी बांधलेली ती स्कूटर हातानं ढकलत, खाली मान घालून, मारुतीच्या देवळापलीकडे घेऊन गेलो. मग पुन्हा बसलो आणि नाशिकला आलो.

स्कूटर पुढे विकली. घेणाऱ्यानं विचारलं, मागची सीट आहे का? मी म्हणालो, हरवली. ती माझ्याकडेच आहे, माळ्यावर, गोणपाटात. अजून नवी दिसते. अण्णा तिच्यावर थोडेच रविवार बसले होते.