साहेबांचं क्लायमेट, सलीमभाईची लाईट

पुढाऱ्याच्या ऑफिसात हार साठत नाहीत, ते संध्याकाळपर्यंत सुकतात. निवेदनं साठतात, पण ती कोणी वाचत नाही. किस्से मात्र साठतात आणि वाचायलाही लागत नाहीत. चहाचा कप हातात आला की आपोआप बाहेर पडतात. मी साहेबांकडे प्रसिद्धीपत्रकं लिहायच्या कामावर होतो, त्यामुळे माझं तर गोदामच भरलंय!

साहेब म्हणजे कोण, ते विचारू नका. जालना जिल्ह्यातले, एवढं पुरे. पद सांगत नाही, पक्ष तर मुळीच नाही. तसंही साहेबांचा पक्ष विचारायचा तर कोणत्या सालचा, ते आधी सांगावं लागतं. माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा परदेश दौऱ्यावर गेले आणि येताना त्यांना क्लायमेट झालं.

त्या दौऱ्यात त्यांना समुद्रकाठच्या पवनचक्क्या दाखवल्या होत्या. परत आल्यावर ऑफिसात सत्कार झाला. कार्यकर्त्यांनी विचारलं, "काय पाह्यलं साहेब?"

साहेब एकदम गंभीर झाले. "अरे, केवढाले पंखे! अन् त्या पंख्याखाली लोक स्वेटर घालून फिरून राह्यले. उन्हाळा आपल्याकडं, पंखे त्यांच्याकडं. हा मराठवाड्यावर अन्याय आहे!"

टाळ्या पडल्या. मराठवाड्यावर अन्याय म्हटलं की आमच्याकडे टाळ्या पडतातच. दुसऱ्या दिवशी मी पत्रकात 'स्वच्छ ऊर्जेचे खंदे पुरस्कर्ते' असं ठोकून दिलं. ते फ्लेक्सवर गेलं, फ्लेक्स साहेबांनी वाचला, आणि त्यांना ते पटलं.

* * *

साहेबांच्या गाडीवर सलीमभाई होता. हसनाबादच्या पलीकडे त्याचं गाव. घरची थोडी शेती धाकटा भाऊ युसूफ बघायचा. शेतीची लाईट यायची रात्री, म्हणून युसूफ रात्रीच दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला जायचा. एकदा अंधारात घोणस चावली. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तरी जाणं काही सुटलं नाही. गहू काय पायाची चौकशी करतो? तो शेतात गेला की त्यांची आई, अमीनाबी, दारात खाट टाकून तो येईपर्यंत जागी बसायची.

म्हणून सलीमभाईचं साहेबांकडे एकच मागणं होतं. नोकरी नको, प्लॉट नको. "साहेब, आमच्या गावाला दिवसा लाईट द्या."

साहेब मागच्या सीटवरून म्हणायचे, "सलीम, तेच तर करून राह्यलो! ही सगळी सौरऊर्जा तुझ्यासाठीच हाय."

"बराबर आहे साहेब," असं म्हणून सलीमभाई गिअर टाकायचा.

* * *

केदारखेड्याकडे गारपीट झाली, मोसंबीचा पार चुराडा झाला. साहेब बांधावर पाहणीला गेले. शहरातून आलेल्या एका पत्रकार मुलीनं माइक पुढे केला. "सर, हवामान बदलाबाबत तुमची भूमिका काय?"

मी गाडीत त्यांच्याकडून चांगली तीन वाक्यं घोकून घेतली होती. ती गाडीतच राहिली! साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी तहसीलदार उभे होते. साहेबांना जोर आला.

"हवामान बदल आमच्या निदर्शनास आलेला आहे. तहसीलदारांना ताबडतोब पंचनामा करायला सांगितलंय!"

"पंचनामा? हवामान बदलाचा?"

"एकही गाव सुटणार नाही!"

तहसीलदार सवयीनं "हो साहेब" म्हणाले आणि तलाठ्याकडे वळले. तलाठी मोठा शिस्तीचा माणूस. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि अदबीनं विचारलं, "सर, बागायत धरायचा का जिरायत?"

* * *

ऑफिससमोर एक खड्डा होता. दर जूनला साहेब त्यात झाड लावायचे. वड, पिंपळ, जांभूळ, सगळे त्या खड्ड्यात राहून गेले. कोणीच जगायचं नाही, त्यामुळे पुढच्या साली खोदायचा खर्च वाचायचा. ऑफिस सांभाळणारे दादाराव तर त्या खड्ड्याला 'आपला कायमचा' म्हणायचे.

एका वर्षी घोटाळा झाला. सलीमभाई गाडी धुऊन उरलेलं पाणी रोज त्या खड्ड्यात ओतायचा. पुढच्या जूनला अधिकारी आले, फोटोग्राफर आला, साहेब हातात रोप घेऊन पुढे झाले, तर खड्ड्यात कमरेएवढा कडुलिंब डुलतोय!

दादाराव घरात चोरी झाल्यागत ओरडले, "हे कुणी जगवलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सलीमभाई म्हणाला, "मी पाणी टाकत होतो भाऊ. मला काय माहीत, न्हाई जगवायचं म्हणून!"

फोटोग्राफरसमोर झाड उपटता येईना आणि दुसरा खड्डा खोदायला वेळ नव्हता. मग साहेबांनी त्याच कडुलिंबाला धरून फोटो काढला आणि मी खाली 'वृक्षारोपण करताना' असं छापून आणलं. सकाळी शेजारच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला. "साहेब, एका दिवसात कमरेला लागलं! रोप कोणत्या नर्सरीतून आणलं?"

* * *

बोलल्याप्रमाणे चालावं म्हणून साहेबांनी बंगल्याच्या गच्चीवर पॅनल बसवून घेतले. पत्रकार परिषद गच्चीवरच झाली. वहिनींना कोणी काही विचारलं नाही.

ऐन एप्रिलमध्ये वीज कमी पडायला लागली. कंपनीचा माणूस आला, वायरिंग तपासलं, मीटर बदललं, पत्ता लागेना. शेवटी भर दुपारी गच्चीवर गेला आणि तसाच खाली आला. "साहेब, एकदा तुम्हीच वर या."

आम्ही सगळे वर गेलो. पॅनलवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यावर कुरडया, पापड, सांडगे! वहिनी पदर खोचून कुरडया उलथवत होत्या.

साहेब भडकले. "अगं, हे काय करून राह्यलीस?"

"वाळवण," वहिनी म्हणाल्या. "गच्ची सगळी तुम्ही अडवली. मंग मी काय रस्त्यावर वाळत घालू? पण एक सांगते, चांगलं तापतंय हे. एका उन्हात कुरडई कडकडीत! तुमच्या इतक्या योजना झाल्या, पण घराला उपयोगी पडलेली ही पहिलीच."

कंपनीच्या माणसानं जाताना दोन कुरडया तळून खाल्ल्या आणि तक्रार बंद केली.

* * *

मग विजेवरची गाडी आली. पुढे साहेबांची बिनधुराची गाडी आणि मागे कार्यकर्त्यांच्या डिझेलच्या गाड्यांची रांग. तरी साहेबांनी विचारलंच, "मागं एवढा धूर कसला?"

एकदा आष्टीला लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या, जेवण झालं, निघालो, आणि सलीमभाई म्हणाला, "साहेब, चार्जिंग खतम होऊन राह्यलं. जालना बिलकुल गाठत न्हाई."

गावात लाईट नव्हती. लाईट होती फक्त एका घरात, कारण त्यांच्या छपरावर पॅनल होते. ते घर साहेबांच्या कट्टर विरोधकाचं, नाना त्यांचं नाव. गेल्या निवडणुकीत दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या होत्या. पण अडला हरी! नानांनी मोठ्या मनानं वायर दिली, ओसरीत खुर्ची टाकली, चहा सांगितला.

गाडी भरेना. पहिला चहा झाला, दुसरा झाला, मग पोहे आले. दारात साहेबांची गाडी आणि आत दोघं मांडीला मांडी लावून बसलेले! कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला. थोड्याच वेळात मुंबईहून पक्षाच्या वरिष्ठांचा फोन. "तुम्हाला काय कमी पडलं आमच्याकडे?"

साहेब कळवळून म्हणाले, "चार्जिंग, साहेब!"

मग वरिष्ठ म्हणाले, "समजलो. दोन दिवसांत तुमच्या पदाचं बघतो." आणि खरंच, त्या आठवड्यात साहेबांना एका समितीचं अध्यक्षपद मिळालं!

* * *

आता जरा वेगळं सांगतो. सलीमभाईच्या गावच्या गायरानात सौर प्रकल्प झाला. पॅनल लागले, तारा ओढल्या, इंजिनिअरनं दोनदा चालवून पाहिलं. सगळ्या शिवाराला दिवसा लाईट मिळणार होती. नुसतं उद्घाटन राहिलं होतं, आणि उद्घाटनाला साहेबांची तारीख राहिली होती.

आधी पितृपक्ष लागला, त्यात कसं करणार! मग आचारसंहिता लागली. मग साहेब अभ्यासदौऱ्यावर गेले, तेही पर्यावरणाच्याच. पॅनल दिवसभर उन्हात नुसते तापत होते आणि युसूफ अधू पाय ओढत रात्री दारं धरत होता. सलीमभाई सकाळी गाडीवर यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असायचे. म्हणायचा, "अम्मी झोपत न्हाई, मंग मला तरी कशी झोप येईल?"

एकदा गाडीत त्यानं धीर करून विचारलं, "साहेब, सगळं तयार आहे. तुम्ही नुसता फोन केला तरी चालू होतंय."

"फोनवर उद्घाटन?" साहेबांना ते फार लागलं. "अरे, कोनशिलेवर माझं नाव कोरून झालंय. त्या दगडाची तरी इज्जत ठेवशील का न्हाई?"

इतक्या वर्षांत साहेबांच्या कोणत्याच गोष्टीचा मला राग आला नव्हता. त्या दिवशी आला. मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि सलीमभाईनं आरसा सारखा केला.

* * *

एकदाची तारीख मिळाली. कार्यक्रम सकाळी अकराचा. आम्ही वेळेवर निघालो, पण पुढाऱ्याची गाडी म्हणजे एसटीच, जागोजागी थांबा. आधी एका गावात दहावा होता, तिथं साहेब दोन शब्द बोलले. मग दोन लग्नं लागली. एक मुहूर्तावर, दुसरं नवरदेव पारावर वरातीच्या नाचात अडकल्यामुळे उशिरा. मग एकाच्या नातवाचं जावळ होतं आणि तिथं मटणाचा आग्रह. साहेब कोणाला नाही म्हणत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण!

तोंडावर ऊन आलं तशी सलीमभाईनं समोरची झडप खाली ओढली. पुढं एका वळणावर ऊन गेलं, तशी ती हळूच वर सारली आणि एकदा मावळतीकडे पाहिलं.

पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. सकाळपासून बसलेली माणसं उठून उभी राहिली. पहिल्या रांगेत अमीनाबी, नवा बुरखा घालून. मांडवाशेजारच्या विहिरीवर युसूफ काठी टेकून उभा होता. साहेबांनी बटन दाबलं की मोटार सुरू होऊन तिथल्या पाइपातून पाणी पडणार, असं ठरलं होतं.

साहेबांनी नारळ फोडला, हात जोडले, बटन दाबलं. बँड वाजला. पाइपातून काही पडलं नाही.

साहेबांनी परत दाबलं. दादाराव बँडवाल्यावर ओरडले, "थांबव ना बाबा जरा!"

"इंजिनिअर कुठंय?" साहेब म्हणाले.

इंजिनिअर घाम पुसत पुढे आला. "साहेब, सूर्य मावळला."

"मंग?"

"मग... बंद झालं साहेब."

साहेब कडाडले, "कार्यक्रम संपायच्या आधी बंद केलंच कसं?"

"आम्ही नाही केलं साहेब!"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब काय लेचेपेचे नव्हते. त्यांनी माइक घेतला. "तांत्रिक कारणामुळं आजचा कार्यक्रम आपण पुढं ढकलून राह्यलो. अधिवेशन संपलं की चांगली तारीख घेऊ. तेव्हा याच्यापेक्षा मोठा कार्यक्रम करू!"

टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. युसूफ विहिरीवरून खाली उतरला. दादाराव हार गोळा करायला लागले.

तेवढ्यात अमीनाबी उठली. सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साब, सूरज सुबू आताच है ना?"

साहेब हसले. "येतो अम्मा, रोज सकाळी येतो."

"मंग रुक जाव. घर अपनाच है. सुबू बटन दबाव, चा पीव, जाव. इत्ती रातां हम बैठे, एक रात तुम बी बैठो."

साहेबांनी हात जोडले. "अम्मा, उद्या सकाळी मुंबईला मीटिंग आहे. क्लायमेटचीच आहे. पुढच्या खेपेला नक्की थांबतो." मग मागं वळून हाक मारली, "सलीम, गाडी काढ!"

सलीमभाई मांडवाच्या खांबाजवळ हात बांधून उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "चावी अम्मीकडं दिली."