हेर फोग्टांचं बेअरिंग

खालच्या मजल्यावरचे हेर फोग्ट, म्हणजे मिस्टर फोग्ट, काल सकाळी गेले.

त्यांच्याशी मी लागोपाठ तीन शनिवार खोटं बोलले होते. आज ते लिहून टाकते.

जर्मनीत, नेकारसुल्मला राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात कुणीतरी पिझ्झाचा खोका टाकलाय, आणि तो तिथे टाकायचा नसतो.
खोका आमचाच होता. ओळख झाली ती अशी.

चाळीस वर्षं टूलमेकर म्हणून नोकरी. बायको गेलेली, मुलगी साबिने श्टुटगार्टला.
आठवड्यातून एकदा शूटिंग क्लब. कागदी टार्गेटवर नेम धरायचा, बस्स. आणि त्यासाठीची काडतुसं ते घरी स्वतः भरायचे. रीतसर परवाना काढून.

"विकत मिळतात की," मी एकदा म्हटलं.
"पावही विकत मिळतो," ते म्हणाले. ते पावही घरीच भाजायचे.

काडतूस उडालं की त्याची पितळी पुंगळी परत वापरता येते. पण ती दर वेळी किंचित लांबते. मग सगळ्या पुंगळ्या तोंडाशी कापून एका मापाच्या करायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे छोटं मोटरवालं मशीन होतं, ट्रिमर. पुंगळी हातात धरायची आणि फिरत्या कटरवर दाबायची.
(बंदुकीच्या दारूचं कपाट वेगळं, कुलपात. त्याला मी कधी हात लावला नाही. मला ती परवानगीच नाही.)

मी कार प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. मापं घेणं हेच माझं काम. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी त्यांनी आमची बेल वाजवली.
"फ्राऊ जोशी, मशीन मापं चुकवतंय. जरा बघता का?"

खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेले. टेबलावर वीस पुंगळ्या ओळीत मांडलेल्या. एक दुसरीसारखी नाही, काहींची तोंडं तिरकी कापलेली.
मशीनला डायल गेज लावला. काटा ढिम्म, म्हणजे मशीनमध्ये दोष नाही.
मग म्हटलं, एक कापून दाखवा.
त्यांनी पुंगळी धरली. उजवा हात थरथरत होता.

"काय वाटतं? मशीन की मी?"
इतकं सरळ विचारलं त्यांनी.
"मशीनच," मी म्हटलं. "बेअरिंग ढिलं झालंय, प्ले आहे त्यात."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, सांगायचं ना! त्या माणसाच्या हातात बंदूक असते."
"मग तू सांग."
"मी कशाला? तुला विचारलंय त्यांनी."

त्याचं बरोबर होतं. पण बाबांच्या वयाच्या माणसाला, त्याच्याच केलरमध्ये उभं राहून, "मशीन ठीक आहे, तुमचा हात ठीक नाही" म्हणायला माझी जीभ रेटेना. आपल्याकडे अशी गोष्ट आधी मुलाबाळांच्या कानावर घालतात, मग मुलं ती डॉक्टरांकडून वदवून घेतात. ज्याचं आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं.
इथे मधे कुणीच नव्हतं.

तर मी बेअरिंग बदललं. काढलं ते चांगलंच होतं.
पुढच्या शनिवारी पुंगळ्या तशाच. "मोटर व्हायब्रेट होतेय," मी म्हटलं आणि खाली रबर घातलं.
तिसऱ्या शनिवारी कटर नवा.
माझ्या प्रत्येक थापेला ते "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणायचे, कॉफी द्यायचे आणि एकच्या ठोक्याला मशीन बंद करायचे. बाकीच्या लोकांची दुपारची विश्रांती.

चौथ्या आठवड्यात थापा संपल्या. मग मी मशीनच बदललं. पुंगळी पकडायला चक, पुढे ढकलायला लिव्हर, नेमक्या मापाला अडवणारा स्टॉपर, पायाने दाबायचा स्विच. हाताने फक्त पुंगळी चकमध्ये ठेवायची. खरं सांगते, काम झकास झालं होतं. मला वाटलं, सुटले. मापं बरोबर येतील आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही.

त्यांनी वीस पुंगळ्या कापल्या. व्हर्नियरने एकेक मोजली, वहीत लिहिली.
वीसच्या वीस सारख्या.

मी हसले. ते हसले नाहीत. वहीकडे बघत राहिले.
तेव्हा माझी ट्यूब पेटली. हात बाजूला काढल्याबरोबर चूक गेली होती. टूलमेकरला आणखी काय सांगायला हवं? जे तोंडाने सांगत नव्हते, ते मी एवढं मशीन बांधून सिद्ध करून दिलं होतं.

"आल्झो, असं आहे तर," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. "काम चांगलं केलंत."

सोमवारी त्यांनी क्लबला फोन केला. त्याच आठवड्यात बंदूक आणि परवाना स्वतः जाऊन जमा करून आले. न्यूरोलॉजिस्टने आजाराचं नाव सांगितलं ते नंतर.

पुढे एकदा जिन्यात म्हणाले, "फ्राऊ जोशी, पुढच्या वेळी पहिल्याच शनिवारी सांगायचं. बेअरिंग चांगलं होतं."
"तुम्हाला माहीत होतं?"
"तुम्हाला बोलवायच्या आधीच मोजलं होतं मी."

मग मला का बोलावलं, हे विचारायचं धाडस झालं नाही. आज कळतं. मशीन तपासायला नव्हतंच बोलावलं. एकट्याने कळलेलं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढं एकच मागितलं त्यांनी, आणि मी तेवढंच दिलं नाही. फार वाईट वाटतंय त्याचं.

आज दुपारी साबिने वर आली. तिच्या हातात जॅमची बाटली होती. "यावर तुझं नाव आहे," म्हणाली.
आत ते जुनं बेअरिंग. झाकणावर माझं नाव, आणि खाली थरथरत्या अक्षरात: ठीक आहे.

हेर फोग्ट,
मशीन ठीक होतं. तुमचा हात थरथरत होता. मला पहिल्याच शनिवारी दिसलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची ही श्रद्धांजली, दोन वर्षं उशिरा.