शनिवारी तेल नको, म्हणून मुंब्र्याशी अडकलेलं कल्याण

एका वाचक मुलीने विचारलंय, "आजी, ठाण्याहून कल्याणला स्वतःच्या गाडीने जायचं तर कळवा, मुंब्रा, शीळ असं जावं का?" जा बाई, जरूर जा. फक्त निघण्याआधी इंजिनातलं तेल बदललंय ना, तेवढं बघ. असं का सांगते, ते पुढे वाच.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचं घर टेंभी नाक्याजवळ. वडील, म्हणजे नाना, वकील. त्यांनी एका पारशी गृहस्थाकडून जुनी विलायती मोटार घेतली आणि घरात जावई आल्यासारखे तिचे लाड सुरू झाले. रोज पुसणं, दसऱ्याला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. तेल मात्र कधी बदललं नाही. सोमवार ते शुक्रवार कोर्ट, रविवारी तेलाचं दुकान बंद. आणि शनिवारी तेल विकत घेऊन घरी आणायचं नाही, शनीची पीडा मागे लागते. मारुतीला शनिवारी तेल चालायचं, मोटारीला नाही. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असे, पण सुट्टीत असली कामं कोण करतो?

त्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कल्याणच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता. नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर बोहल्यावर, असं नानांनी जाहीर केलं होतं. ते ऐकल्यापासून अक्काला धड जेवण जात नव्हतं. ती म्हणाली, "मी रेल्वेने जाते. तासाभरात पोचेन."

"दारात मोटार असताना? लोक काय म्हणतील!" नाना म्हणाले. झालं. अक्का, मी आणि नाना सकाळी नऊला निघालो.

खाडीवरच्या पुलावर वारा छान लागतो. खाली मिठागरांत मिठाचे ढीग उन्हात चमकत होते, ते बघून मी खूश. अक्का मात्र नाक वर करून म्हणाली, "नाना, काहीतरी जळतंय." तेलाच्या दाबाचा काटाही खाली लोळत होता. कळव्याच्या पंपावर पेट्रोलसाठी थांबलो, तेव्हा तिथल्या माणसाने तेल बघायची पट्टी ओढून काढली. तिच्यावर काळं, घट्ट काहीतरी चिकटलेलं.

"काका, ह्ये त्याल नाय, डांबर हाय! निदान वरून तरी थोडं घाला."

"आज शनिवार आहे," नाना म्हणाले.

"नाना, ते इंजिनात जातं, आमटीत नाही!" अक्का ओरडली.

"मोटार म्हणजे घरचंच माणूस. सोमवारी बघू."

मला त्यांचा इतका संताप आला की मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. कोर्टात भल्याभल्यांना निरुत्तर करणारे हे गृहस्थ, आणि तेलाच्या एका डब्यापुढे अडले!

मुंब्र्याला थांबून चहा आणि गरम कांदाभजी खाल्ली. तुम्ही गेलात तर तुम्हीही खा, डोंगरावरच्या देवीचं देऊळ समोर दिसतं. अक्काने भजीला हात लावला नाही. मुंब्रा सोडून शीळच्या रस्त्याला लागलो आणि इंजिनातून खलबत्त्यात सुंठ कुटल्यासारखा आवाज यायला लागला. मग एक मोठा धक्का, धूर, आणि सगळं गप्प. इंजिन जाम. नानांनी बॉनेट उघडलं, बघितलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"थोडं थंड झालं की होईल सुरू," ते म्हणाले.

अक्काने पिशवी उचलली, पदर खोचला आणि मागे वळून चालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"कल्याणला. मुंब्रा स्टेशनवरून."

नानांनी पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. त्यांच्यासोबत कोणीतरी थांबायला हवं, म्हणून मी थांबले. उन्हात, कपाळाला हात लावून. शेवटी एका शेतकऱ्याने बैल जुंपले आणि आमची विलायती मोटार दोरीने ओढली जात परत निघाली. कळव्याचा पंपवाला हात हलवून म्हणाला, "काका, आता सोमवारी घ्या त्याल!" टेंभी नाक्यावर तर सगळी आळी ओट्यांवर उभी होती.

अक्का आमच्या आधी घरी पोचली होती, पाय धुऊन पोहे खात होती. मुलाखतीला ती सगळ्यांच्या शेवटी पोचली. मुख्याध्यापकांनी उशिराचं कारण विचारलं, तर म्हणाली, "वडिलांनी मोटारीने आणलं." ते हसत सुटले. "मग रोज कशाने येणार?" "रेल्वेने." नोकरी मिळाली. तुळशीचं लग्न झालं, पण अक्काचं नाही. पुढे तिने केलं, ते स्वतःला हवं तेव्हा.

मोटार दुरुस्त व्हायला अख्खा पावसाळा गेला. मग पुन्हा तेल बदलायची वेळ आली आणि नानांचं पुन्हा तेच तुणतुणं. एका शनिवारी अक्का शाळेतून परतली, ती हातात इंजिन ऑइलचा डबा घेऊन. उंबरठा ओलांडून तिने तो नानांच्या पुढ्यात ठेवला.

"आज शनिवार आहे," नाना म्हणाले.

"माहीत आहे. बाकीचे दिवस मला संध्याकाळपर्यंत शाळा असते आणि रविवारी दुकान बंद."

नाना डब्याकडे बघत बसले. मग उठले, धोतर खोचलं आणि डबा उचलून मोटारीकडे गेले.